गोऱ्या केलेल्या आज्या

मेलेल्या माणसाला घड्याळ कशाला लागतं, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. ज्यानं जन्मभर वेळ उन्हाकडे बघून ओळखली, त्याच्या मनगटावर त्याचा मुलगा तो मेल्यानंतर घड्याळ बांधायला सांगतो. तेही साधं नाही. "सोन्याच्या पट्ट्याचं दाखवजा, वहिनी." अहो, फोटो काळापांढरा. पट्टा सोन्याचा असो की कातड्याचा, येणार करडाच. पण नाही. माझ्यासमोर स्टुलावर बसून राहायचं आणि पट्टा सोन्याचा झाला का ते मान वाकडी करून बघायचं. अशी गिऱ्हाइकं मी पंचवीस वर्षं झेलली. दुसरी एखादी असती तर केव्हाच माहेरी निघून गेली असती.

मी फोटोग्राफर नव्हे. फोटोग्राफर आमचे हे. उत्तर नागपुरात कामठी रोडला लागून असलेल्या एका गल्लीत आमचा स्टुडिओ होता. पुढे एक खोली, मागे अंधाराची खोली, आणि मधल्या खिडकीशी मी. हे फोटो काढायचे आणि मी तो दुरुस्त करायची. आमच्या धंद्यात त्याला रिटचिंग म्हणतात. गिऱ्हाइकाच्या भाषेत, "फोटू चांगला करून देणं." काढला तो चांगला नव्हता असं त्यात गृहीत असतं, आणि ते आमच्या ह्यांना कधी कळलं नाही.

काम समजायला सोपं आहे, करायला नाही. निगेटिव्ह म्हणजे काचेची प्लेट, तिच्यात सगळं उलटं असतं. जे फोटोत काळं येणार ते काचेवर पांढरं, आणि जे पांढरं येणार ते काळं. म्हणून माणूस गोरा करायचा असेल तर निगेटिव्हवर त्याच्या गालांवर शिसपेन्सिल फिरवायची. आधी राळेचं औषध कापसानं चोळायचं, म्हणजे पेन्सिल काचेवर धरते. पेन्सिलीचं टोक सुईसारखं हवं. रेघ ओढायची नाही, बारीक बारीक ठिपके द्यायचे, बाजरी पेरावी तसे. माझं डेस्क उतरतं होतं, मधे काच, खाली आरसा. खिडकीचा उजेड आरशावर पडून खालून चेहऱ्यात यायचा. ढग आले की हात बांधून बसायचं. आणि नेमकं ढग आलेल्या दिवशीच कुणीतरी येऊन विचारायचं, "झाला काय वहिनी? आज पाव्हणे येऊन राहिले."

वस्ती आमचीच. गिरणीतले, रेल्वेतले, विड्या वळणारे. काही पोरं खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये लागलेली. दीक्षा होऊन दहाएक वर्षं झाली होती. घराघरांतल्या देवळ्या रिकाम्या झाल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर आली, आणि तिच्याखाली आपल्या आज्याचा, आपल्या आईचा फोटो असावा असं लोकांना वाटायला लागलं. वाटणारच. इतकी वर्षं भिंतीवर दुसऱ्यांचेच चेहरे होते. पण फोटो आणायचा कुठून? आमच्या आज्यांना कोणी खुर्ची देऊन कॅमेऱ्यापुढे बसवलं होतं का? आमचे लोक फोटोत असले तर दुसऱ्याच्या फोटोत, तेही कडेला.

एकदा एक जण उमरेडकडच्या एका मालगुजाराच्या घरचा फोटो घेऊन आला. मधे पंधरा माणसं पगड्या घालून बसलेली, आणि पार कोपऱ्यात घोड्याचा लगाम धरून एक माणूस. "तो माहा आजा," म्हणाला. चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. भिंगातून पाहिलं तर माणूस आहे एवढंच कळे. मी तो मोठा केला, नाक-डोळे ब्रशनं उभे केले, मालगुजाराचा कोट लगामावरून पुसून काढला. आठ दिवसांनी हा आला, फोटो पाहिला, खूश झाला. मग हळूच म्हणतो, "वहिनी, आज्याले घोड्यावर बसवून देता काय?"

मी म्हटलं, "बापा, घोडा मालगुजाराचा हाय."

"घोडा असन त्याचा. फोटू तं माहा हाय."

बसवला. मांडी मांडीसारखी दिसेना, रिकीब जमेना, डोकं फिरायची पाळी आली. पण बसवला. आज सांगायला हरकत नाही, ते काम करताना मला मजा आली होती.

बायकांच्या फोटोंची तऱ्हा वेगळी. जुन्या बायांच्या कपाळावर, हनुवटीवर गोंदण असे. मुलांना ते नको असे. "गोंदण काढून टाका, अन् जरा उजळ करा." ऐकून ऐकून कान किटले. मी स्वतः तव्यासारखी. सासूनं पहिल्या दिवशी मला पाहून जे तोंड केलं ते माझ्या अजून लक्षात आहे. तरी मी कधी म्हटलं नाही की काळीच राहू दे, काय बिघडलं. उलट पुढे पुढे मला कुणी सांगावंही लागेना. चेहरा डेस्कवर आला की हात आपसूक कपाळावर जायचा. गोंदण बुजव, सुरकुत्या भर, गाल उजळ, मग बाकीचं. मी बुजवलेलं गोंदण कुठे होतं हे खुद्द पोटच्या पोराला दाखवता येत नसे. याचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

किसन मेश्राम पॉवर हाऊसला लागला तेव्हा आईला घेऊन आमच्याकडे आला. सखुबाई तिचं नाव. विड्या वळून वळून बोटं वाकलेली. कपाळावर चंद्रकोर आणि तिच्याखाली ठिपका, हनुवटीवर तीन ठिपके. कॅमेऱ्यापुढे बसली तर श्वासच घेईना. आमचे हे काळ्या कापडातून डोकं काढून म्हणाले, "माय, जिती राह्यजा." तेव्हा कुठे हसली.

किसन मला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, गोंदण नाही आलं पायजे. अन् जरा साफ."

तिनं ऐकलं. म्हणाली, "राहू दे ना गा. माह्या मायनं गोंदवलं हाय."

किसननं माझ्याकडे बघून मान हलवली. मी काय केलं असेल ते सांगायला नको. तीन-चार वर्षांनी सखुबाई गेली. तोच फोटो मोठा करून किसननं दारासमोरच्या भिंतीवर लावला. लोक म्हणत, काय देखणी म्हातारी होती. मीही म्हणायची.

आता गजभिये गुरुजी. कॉर्पोरेशनच्या शाळेत शिकवायचे. अंगात हाडं तेवढी, पण डोक्यात एक शिरलं की समोरच्याचं हाड ठेवायचे नाहीत. त्यांच्या डोक्यात आलं की वस्तीतल्या पोरांना राजेमहाराजे पाठ आहेत आणि स्वतःच्या पणज्याचं नाव माहीत नाही. म्हणून दसऱ्याला विहारात तीन दिवस घरोघरचे फोटो लावायचे. प्रत्येकाखाली नाव, गाव आणि केलेलं काम. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी कामाचं चित्र. विड्या वळणारीला विडी, गिरणीतल्याला धोटा, कोळसा वाहणारीला टोपली. चित्रं गुरुजींनी स्वतः काढली. विडी आणि धोटा सारखाच दिसे, पण त्यांना सांगणार कोण.

फोटो जमवायला मला बरोबर नेलं, कारण काच फुटली तर जबाबदारी माझी. त्या पंधरा दिवसांत मी जे सोसलं ते शत्रूवर येऊ नये. एकानं आईचा फोटो मागितल्यावर स्वतःच्या लग्नाचा दिला, म्हणे यात आई मागे उभी आहे. एकाला फोटो मधोमध हवा. दुसऱ्यालाही मधोमधच हवा. एक जण म्हणाला, आजा मेलेली ढोरं ओढायचा ते लिहू नका, शेतकरी लिहा. गुरुजी म्हणाले, "ढोरं ओढून त्यानं तुह्या बापाले शिकवलं, तेच लिहितो." दोघे दाराशी तासभर भांडले आणि मी फ्रेम काखेत धरून उन्हात उभी.

पहिल्या दिवशी मी ठेवणीतलं लुगडं नेसून विहारात गेले. कौतुक ऐकायला गेले होते, दुसरं काय. भिंतीवर ओळीनं अकरा म्हाताऱ्या टांगलेल्या. अकराही माझ्या हातच्या. चिठ्ठ्या अजून निम्म्याच लागल्या होत्या, गुरुजी खळ घेऊन धावत होते. तेवढ्यात शाळेतली एक पोरगी ओळीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, एकाच बाईचे इतले फोटू काहून लावले?"

गुरुजींनी ओळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मीही पाहिलं. अकरा गुळगुळीत कपाळं, अकरा उजळ गाल, अकरा पांढरे पदर. एकाच आईच्या पोटच्या बहिणी असाव्यात तशा. इतकी वर्षं मी त्यांना एकेक करून पाहिलं होतं, शेजारी शेजारी कधी ठेवलंच नव्हतं. मला त्या पोरीचा भयंकर राग आला.

आणि मग धुरपता आली. किसनची मोठी बहीण, लहानपणी तो तिला 'बाई' म्हणायचा, तुमसरकडे दिलेली. दीक्षेनंतर किसननं घरातले देव नदीत सोडले. धुरपताच्या सासरच्यांनी काही दीक्षा घेतली नव्हती. ती माहेरी आली ती कपाळभर कुंकू लावून, पिशवीत देवीचा अंगारा घेऊन. किसन त्या वेळी तरणा, रक्त गरम. म्हणाला, हे घेऊन माझ्या घरात येऊ नको. ती उंबऱ्यावरूनच परतली ती परतलीच. पुढे सखुबाई गेली तेव्हा किसननं टाकलेलं कार्ड तिला आठ दिवसांनी मिळालं. त्याचाही राग धरला. वीसेक वर्षं भावाच्या घरी पाऊल नाही. आईचा म्हणून एक फोटो तिच्याजवळ नव्हता. होता तो किसनच्या भिंतीवर, आणि तिथे ती मरेपर्यंत जाणार नव्हती.

पण फोटो विहारात लागणार असल्याचं तिला कुणाकडून कळलं. विहारात जायला भावाला विचारावं लागत नाही. म्हणून ती एसटीनं आली, मावसबहिणीकडे उतरली, आणि आईचं तोंड एकदा बघायला पहिल्याच दिवशी येऊन उभी राहिली.

वाचता येत नव्हतं. विडीचं चित्र चार-पाच जणींखाली होतं. ती ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. परत आली. पुन्हा निघाली. दोनदा ती सखुबाईपुढून गेली, थांबली नाही. मी तिला ओळखत नव्हते, मला वाटलं कुणीतरी बघ्या. मग तिनं मोठ्यानं विचारलं, "सखुबाई मेश्रामचा फोटू कुठी लावला हाय?"

किसन तिथेच होता. वीस वर्षांनी बहिणीशी बोलला तो एवढंच, "तुह्यापुढंच तं हाय."

तिनं फ्रेमच्या काचेला नाक टेकवून पाहिलं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, ते लांबूनही दिसे. वळून म्हणाली, "हे माही माय नोहे."

"डोये गेले तुहे."

"डोये गेले असन. माय नाही गेली माह्या डोक्यातून. हे माही माय नोहे."

माणसं गोळा झाली. कुणी म्हणालं मोतीबिंदू आहे बिचारीला, कुणी म्हणालं वय झालं. कुणीतरी तिला माझ्याकडे वळवलं की फोटो ह्यांच्या स्टुडिओतला. ती माझा हात धरून म्हणाली, "तुमीच सांगा वं. हे सखुबाई हाय काय?"

आता सांगायची वेळ होती. समोर सगळी वस्ती, बाजूला गुरुजी, मागे माझ्या हातच्या अकरा जणी. मी म्हटलं, "हो. त्याच हायेत."

धुरपता भिंतीला टेकून खाली बसली. रडली नाही, भांडली नाही. स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली, "मंग मीच मायचं तोंड भुलली. वीस वर्सात भुलली." आणि पदर डोळ्यांवर ओढून घेतला.

मी घरी आले आणि ह्यांच्यावर भडकले, कारण ते समोर होते. हे चहा पीत राहिले, मग म्हणाले, "सखुबाईची प्लेट असेल की मागच्या खोलीत." असेल की. आमच्या ह्यांचं सगळं आयुष्य या 'असेल की'वर चाललेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उजेड झाल्याबरोबर मी मागच्या खोलीत शिरले. प्लेटांचे खोके छतापर्यंत. ना सन, ना नाव. एका खोक्यावर लिहिलेलं 'लग्न', आतमध्ये सगळे मयताचे. एकावर 'महत्त्वाचे', आतमध्ये रद्दी. माझ्या तोंडून जे निघत होतं ते दिवाळी अंकात छापण्याजोगं नाही. दहा वाजायच्या सुमाराला वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक काच निघाली, कागदावर ह्यांच्या अक्षरात 'मेश्राम आई, पॉवर हाऊस'.

डेस्कवर ठेवली. पेन्सिलीचं एक बरं असतं, ती काचेच्या वर बसते, आत जात नाही. टर्पेंटाइनमध्ये कापूस भिजवून मी कपाळावरून फिरवला. राळ सुटली, तिच्याबरोबर पेन्सिल सुटली. कापूस राखाडी झाला. मी दुसरा घेतला, तिसरा घेतला. चंद्रकोर आली, ठिपका आला. हनुवटीचे तीन आले. डोळ्यांखालच्या सुरकुत्या, गालांचे खड्डे, सगळं जिथल्या तिथे होतं. पेन्सिलीखाली म्हातारी बारा वर्षं तशीच बसून होती. मला लाज वाटली. ती हसली होती तेव्हा तिच्या डाव्या गालाला एक बारीक वळी पडली होती, ती मी डाग समजून भरून टाकली होती.

पेन्सिल पुसता येते. ब्लेडचं तसं नाही. फोटोत पांढरं येणारं काही काळं करायचं असेल तर पेन्सिलीचा उपयोग नसतो, तिथे काचेवरचा थर ब्लेडच्या टोकानं खरडून काढावा लागतो. खरडलं ते गेलं, ब्रह्मदेवाच्या बापालाही परत आणता येत नाही. सखुबाईच्या कपाळाच्या वर, भांगाच्या दोन्ही बाजूंनी, पदराच्या कडेपर्यंत ब्लेडचे ओरखडे होते. ते मला दिसले. मी म्हटलं जाऊ दे, कुणाला कळतंय. आणि फोटो छापायला घेतला.

या सगळ्यानंतर मी कुणाचं गोंदण पुसलं नाही, असं लिहिलं तर वाचायला छान वाटेल. पुसलं. लोक सांगायचे, पुसायची. फक्त आधी विचारायला लागले, आणि पुसण्यापूर्वी एक प्रत जशीच्या तशी काढून ठेवायला लागले. त्या प्रती घ्यायला फार थोडे आले.

दुपारी गुरुजी धुरपताला घेऊन आले. ती यायलाच तयार नव्हती म्हणे, संध्याकाळच्या गाडीनं परत जाते म्हणत होती. फोटो अजून ओलाच होता. मी तो तिच्या हातात दिला. तिनं दाराच्या उजेडात धरला, लांब नेला, जवळ आणला. मग ओल्या कागदावरच बोट ठेवलं, चंद्रकोरीवर.

"हे पाहा," ती गुरुजींना म्हणाली. "हे माही माय." आणि मग मला, "काल काहून नाही सांगतलं वं?"

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"मले रातभर वाटलं का मी बिनमायची झाली."

गुरुजींना तो फोटो त्या संध्याकाळीच विहारात लावायचा होता. पण चौकट किसनची, आई किसनची. त्याला निरोप गेला. पाळी सुटल्यावर तो तसाच कोळशाच्या कपड्यांत आला. बहीण बसलेली दिसली तर दारातच थांबला. फोटो पाहिला आणि तडकलाच.

"हे कपाळ मीच झाका म्हनलं होतं. आता चारचौघांत उघडं करता? तुमचं काय जाते, गुरुजी? पॉवर हाऊसच्या कॉलनीत कोनी घरी आलं का पयले मायचं कपाळ पाहे, मंग जात विचारे, मंग पानी नको म्हने. माह्या मायले मी त्यातून काढली."

त्याचंही खोटं नव्हतं. ते पाणी नको म्हणणारे मी पण पाहिलेत.

धुरपता म्हणाली, "तू त्यातून काढली, अन् माह्यापासून बी काढली."

किसन फोटो खाली ठेवायला गेला, पण ठेवला नाही. बघत राहिला. त्याचा चेहरा जरा वेगळा झाला. मग चिडूनच म्हणाला, "अन् हे तरी कुठं बरोबर हाय? केस पाहा. मायचे केस पांढरेफक होते. हा फोटू काढला तवाबी पांढरेच होते."

"काहीबी बोलू नको," धुरपता म्हणाली. "मायचे केस काळेभोर. मीच तेल लावून देत होती तिले."

"मी संग राहत होतो का तू?"

"माह्या हातानं इचरले मी ते केस. मले शिकवतं काय?"

झालं. पुन्हा सुरू. तो म्हणे पांढरे, ती म्हणे काळे. गुरुजी मधे हात घालू लागले तर दोघं मिळून त्यांच्यावर. शेवटी तिघांनी माझ्याकडे पाहिलं. कालही असंच पाहिलं होतं.

"थांबा," मी म्हटलं. "दोघंही खरं बोलून राहिले. पांढरे होते. मी काळे केले."

कुणाला काही कळेना. मी डेस्कवरची काच उचलली आणि धुरपताला खिडकीशी घेतलं. तिला समजावून सांगितलं की जिथे जिथे पांढरा केस होता तिथे तिथे मी ब्लेड मारलंय, ओरखडा म्हणजे केस. तिनं डोळे बारीक केले. "मले नाही दिसत," म्हणाली. मग मी ती काच थराची बाजू वर करून तिच्यापुढे धरली, तिचं बोट हातात घेतलं आणि नखाची कड कपाळाच्या वर टेकवली.

नख अडखळलं. जरा पुढे सरकलं, पुन्हा अडखळलं. ती भांगापासून कानापर्यंत गेली, मग दुसऱ्या बाजूनं. फार हळू. किसन फोटो हातात धरून मागे उभा होता.

"इतले?" तिनं विचारलं.

"इतले," मी म्हटलं.

ती पुन्हा पहिल्यापासून नख फिरवायला लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते तिनं पुसलं नाही.

"मी गेली तवा एकबी नव्हता," ती म्हणाली.

किसन इतका वेळ तिच्याशी नुसतं तू-तू करून बोलत होता. आता म्हणाला, "नव्हता, बाई."